विहिरीकडच्या रानातलं पाचट

आबा, गेल्या महिन्यात धाकट्याने आपल्या रानाची माती माझ्याकडे तपासायला आणली. दोन पिशव्या होत्या, एकीवर ‘वड्याकडचं’ आणि दुसरीवर ‘विहिरीकडचं’ असं त्याच्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात लिहिलेलं. सांगलीच्या ह्या प्रयोगशाळेत मी इतकी वर्षं काढलीत की माणूस पिशवी घेऊन दारात उभा राहिला की तो काय लबाडी करून आलाय हे मला आधी दिसतं आणि माती नंतर. कुणी बांधावरची आणतो, कारण रानात चिखल असतो. कुणी उकिरड्याशेजारची आणतो, म्हणजे अहवाल चांगला येईल, जणू मी मार्कच देणार आहे. एकाने तर युरियाच्या रिकाम्या पोत्यातून माती आणली आणि नत्र इतकं कसं आलं म्हणून माझ्याशीच वाद घातला. तेव्हा विहिरीकडच्या मातीचा सेंद्रिय कर्ब ओढ्याकडच्यापेक्षा फारच वर आला, तशी मी धाकट्याला फोन लावला आणि सरळ विचारलं, कुठनं खरवडून आणलीस? तो म्हणाला, “आक्का, रानातनंच आणली. नागमोडी चालत आठ खड्डं घेटलं. तूच शिकीवलं हुतंस की.” माझा विश्वास बसला नाही.

हा संशय मला तुमच्याकडूनच आलाय. तुम्ही खताचं पोतं घरी आणलं की आधी तांब्याभर पाण्यात मूठभर युरिया टाकायचा आणि बाहेरून तांब्याला हात लावून बसायचा. तांब्या गार पडला तरच तो युरिया खरा. ऊसतोडीची टोळी बुडखा उंच ठेवून तोडते का, दूधवाल्याचं माप आत चेपलंय का, शेजारी बांध रेटतोय का, तुम्हाला सगळ्याचाच वास यायचा. मला साताऱ्याकडच्या शेतकी कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही तासगावहून बेदाणे आणले होते. आई सांगायची, दुकानदार वैतागला तरी एकेक बेदाणा बोटांत दाबून घेतला होता. मी ते हॉस्टेलवर वाटले नाहीत, एकटीनेच खाल्ले, अभ्यास करता करता, दिवसाला चार-पाच.

दुसऱ्या वर्षी मी सुट्टीला आले ती डोक्यात पाचट घेऊनच. ऊस गेला की रानात राहिलेलं वाळक्या पाल्याचं पाचट पेटवायचं आणि मग तोडलेल्या बुडख्यांना फुटलेला खोडवा राखायचा, हे सगळं कुंडल गाव करायचं आणि तुम्हीही करायचा. मी म्हणाले, जाळू नका, कुजवा. सोप्यात तुम्ही पायांवर घोंगडं घेऊन बसलेले, समोर मी वही उघडून. पाचटातली अन्नद्रव्यं, गांडुळं, जमिनीतले जिवाणू, सगळं मी एका दमात सांगितलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, “आगं बाय, ते जिवाणू दिसत्यात का? न दिसणाऱ्या गड्याला म्या कवा कामावर ठिवलं न्हाई.” आणि मग ते म्हणाला, जे मला अजून आठवतं. “आन ह्यात युरिया लागत आसंल तर आत्ताच सांग. युरिया घालून कुनाचंबी रान हिरवं हुतंय. तुज्या पाचटाचं काय त्ये दाव.” मी लागत नाही म्हणाले नाही, लागतो असंही म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी जाताना मी तुम्हाला एक चिठ्ठी लिहून दिली. पाचट एकाआड एक सरीत पसरा, बुडखे जमिनीबरोबर छाटा, ही कुजवणाऱ्या जिवाणूंच्या कल्चरची पाकिटं शेणकाल्यात मिसळून पाचटावर टाका, मग पाणी सोडा. तुम्ही ती दोनदा वाचली आणि टोपीच्या घडीत ठेवली. विहिरीकडचं रान मला दिलं, बाकी सगळीकडे काडी लावली.

होळीला मी आले तर विहिरीकडचा खोडवा पिवळा. ओढ्याकडचा, जाळलेला, हिरवागार. पाचट तसंच पडलेलं, कोरडं, पायाखाली वाजणारं. मी घरात शिरले तेव्हा तुम्ही चुलीपुढे जेवत होता, आई भाकरी थापत होती. मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. विचारलं, कल्चर टाकलं होतं का? तुम्ही म्हणाला, टाकलं. मी म्हणाले, नाही टाकलंत, पाकिटं कुठंतरी वळचणीला खोचून ठेवली असतील, मला खोटं पाडायचं होतं म्हणून मुद्दाम टाकलं नाहीत. आईचा हात परातीत थांबला. मी तुमच्याशी असं कधीच बोलले नव्हते. तुम्ही घास खाली ठेवला, ताटातच हात धुतला आणि म्हणाला, “तू म्हंतीस तर तसं.” बस, इतकंच. पुढे महिन्याभराने फोनवर म्हणाला, जाळून टाकलं समदं, सपला इषय. मी तो विषय खरंच संपवला. त्या रानात पाय टाकला नाही. लग्नानंतर दिवाळीला यायचे तेव्हा ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत काय आहे ते दिसायचं नाही, आणि मला बघायचंही नव्हतं. तुम्ही गेलात त्यालाही आता बारा वर्षं होत आली. तुमच्या दहाव्याला घाटावर बसून मी काय विचार करत होते सांगू? की पाकिटं कुठं लपवली होती हे आता कुणालाच विचारता येणार नाही.

तर फोननंतरच्या रविवारी मी स्वतः कुंडलला गेले, खुरपं आणि पिशव्या घेऊन, धाकट्याला बांधावर उभा करून. विहिरीकडच्या रानात खोडवा गुडघ्याएवढा आहे आणि सरीत पाचट आहे. वरचं यंदाचं, पिवळं. ते बाजूला केलं तर खाली काळपट, हाताला ओलसर, पांढऱ्या बुरशीचे धागे धरलेलं, आणि त्याखाली माती अशी की खुरपं दाबावंच लागेना. एका खड्ड्यात गांडुळांची गुंतवळ निघाली. मला तरी संशयच. हल्ली बरेच जण पाचट ठेवतात, यंदा ह्यानेही ठेवलं असेल, पण एका वर्षाच्या पाचटाने कर्ब इतका चढत नाही. मी विचारलं, किती वर्षं जाळलं नाहीस?

“मी?” धाकटा म्हणाला. “आक्का, ह्या रानाला आबांनी कवाच काडी लावली न्हाई. तुज्या त्या वर्सापास्नं. त्यांच्यामागं मीबी न्हाई.”

मी म्हणाले, मला तर जाळलं म्हणून सांगितलं होतं. तो म्हणाला, “तुला सांगू नगं म्हनलं हुतं. तिनं आपणहून इचारलं तर सांगायचं, न्हाईतर न्हाई. तू कवा इचारलंच न्हाईस.” आणि मग पिवळ्या खोडव्याचं त्याने सांगितलं. मी रागाने परत गेले त्याच आठवड्यात तुम्ही माळ्यावरून माझी वही काढली होती. सुट्टीत मी ती घरीच विसरून गेले होते. कोनाड्यापाशी उभं राहून तुम्ही पाचटाचं पान वाचलं, टोपीतली चिठ्ठी काढून शेजारी धरली, आणि धाकट्याला हाक मारली. “आबा म्हनलं, आक्काच्या चिठ्ठीत एक वळ राहिलिया, युरियाची. मग युरिया मागवला आन समद्या पाचटावर हातानं फेकला. पंधरा दिसांत खोडव्यानं तोंड वर काढलं. दरसाल सांगायचं, पाचटाला आदी वाढायचं, मग उसाला. पावना उपाशी ठिवला की घरच्यांच्या ताटातलं उचलतोय.”

तुम्ही न दिसणाऱ्या गड्यांचा स्वभाव माझ्या प्राध्यापकांपेक्षा बरा सांगितलात. पाचटात कर्ब पुष्कळ असतो, नत्र जवळजवळ नसतंच. जिवाणू ते खायला बसले की त्यांना नत्र कमी पडतं, मग ते मातीतलं उचलतात आणि पीक पिवळं पडतं. पुढे पाचट कुजलं, जिवाणू मेले, की तेच नत्र पिकाला परत मिळतं. म्हणून पाचटावर युरिया आधी टाकायचा. मी हे आता रोज चार जणांना सांगते. कल्चर तुम्ही टाकलं होतं. पाकिटं कुठंही लपवलेली नव्हती. आणि मी स्वतः काढून आणलेला नमुना तपासला, आकडा तोच आला. एकदा नाही, तीनदा तपासला, शेवटी मदतनीस बाई म्हणाल्या, मॅडम, घरच्या मातीवर एवढा संशय?

पण आबा, मी तुमचीच लेक आहे. तुम्ही मला सांभाळून घेत होता की मनात धरून बसला होता, हे मला ठरवता येत नाही. चिठ्ठी आणि वही शेजारी धरल्यावर, तांब्याला हात लावून बसणाऱ्या माणसाला काय कळलं नसेल? तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. त्या एका बाबतीत तुम्ही संशय घेतला नाहीत, किंवा घेतलात आणि गिळलात. मी मात्र तुम्हाला चुलीपुढे, आईसमोर, खोटारडं ठरवलं आणि पुढे इतकी वर्षं तसंच समजत राहिले. त्याचं मला फार वाईट वाटतं. दहाव्याला वाटायला हवं होतं, ते आत्ता वाटतंय.

हे पत्र मी त्या वहीत ठेवणार आहे, पाचटाच्या पानावर. वही धाकट्याने अजून माळ्यावरच ठेवलीय, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. निघताना त्याने बांधावरच विचारलं होतं, “आक्का, ती वळ राहिली कशी गं?” मी म्हणाले, घाईत राहिली असेल, एसटीची वेळ झाली होती. त्याने मान हलवली. पण आबा, घाई नव्हती. एसटीला अजून तास होता. तुम्ही म्हणाल, बघ, शेवटी युरियानंच केलं, ह्या भीतीने मी वहीतली ती ओळ बोटाने झाकली आणि खालची चिठ्ठीत उतरवून घेतली.