माझी किल्ली तू घेऊन जा

संध्याताई,

तू झोपली होतीस, उठवलं नाही. चितेगावच्या औषध कंपनीत प्रयोगशाळेसाठी माणूस हवा आहे, तिकडं निघालोय. रोजच निघतो आणि अर्ज सुधारायचा म्हणून बसथांब्यावरून परततो. काल नीट तपासलं, त्यात सुधारण्यासारखं काहीच उरलेलं नाही.

म्हणून कामावर जाताना माझी किल्लीही पर्समध्ये टाक. जास्तीची किल्ली खालच्या कडूबाई काकूंकडं आहे, पण त्यांना बजावलंय. त्या म्हणाल्या, "पाया पडला तरी नाय देणार, बघ!" म्हणजे संध्याकाळपर्यंत मला घर नाही.

डब्याला भेंडी केली आहे, मीठ कमी असेल.

तू परतल्यावर मी पायरीवर बसलेला दिसलो, तर काही विचारू नकोस. नुसतं दार उघड.

प्रणय