वक्रनलिका आणि अक्काचे पाणी

धुळे, वैशाख वद्य सप्तमी, शके १८५६. सायंकाळ.

प्रातःकाळी अस्मादिकांनी, म्हणजे या गृहातील स्वयंघोषित पदार्थविज्ञानाचार्यांनी, कन्या यमूस वक्रनलिकेचा चमत्कार दाखविला. भोपळ्याच्या पानाच्या पोकळ देठाचे एक टोक घागरीत बुडवून दुसरे तोंडाने ओढले. पाणी काठ चढून खालच्या तांब्यात पडू लागले. हवेच्या दाबावर व्याख्यान रंगात आले, तोच थोरली बहीण अक्का दारात.

"बठ्ठं पानी उष्टं करी टाकं तू! आते या घरनं पानी पेस का मी?"

घागर तिच्या सोवळ्याची होती. प्रखर विद्वत्तेस घागरी ओळखता येत नाहीत.

दुपार टळली. साठीची अक्का सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेता कोरड्या ओठांनी भिंतीस टेकून बसलेली. नवी घागर भरविली, क्षमा याचिली, थोडे संस्कृतही फेकले. व्यर्थ. "पुन्हा तोंड लावशी तर?" एवढेच उत्तर. ते ओठ पाहवेनात. या उन्हात काही भलतेच झाले तर? एका देठापायी?

अखेर यमू उंबऱ्याबाहेरूनच आत्याला म्हणाली, "फुई, तोंड लावायलाच नको. देठ सगळा पाण्यात बुडव, भरू दे. मग दोन्ही टोकं बोटांनी दाब, एक पाण्यातच ठेव, दुसरं बाहेर खाली आण आणि बोटं काढ."

आचार्यांस हे सुचले नव्हते.

अक्काने नव्या घागरीत स्वहस्ते देठ बुडविला. मी माजघराच्या दाराआड उभा. धार लागली. अक्का पाहतच राहिली. मग तिने ओंजळ धरली आणि घटाघटा प्यायली.

ओठ पुसून म्हणाली, "यमू, तुना बापले बलाव. त्याले बी शिकाड."