चाळीस सैनिक, एकोणचाळीस दिवस

१ जुलै
आजपासून शिस्त. कन्या ९ ऑगस्टला शिकायला परगावी चालली. त्याआधी बापलेकीची टेबलावर चिमुकल्या पुतळ्यांची एक लढाई ठरली आहे. तिचे परग्रहावरचे किडे विरुद्ध माझे अंतराळसैनिक. तिचे किडे तीन वर्षांपूर्वीच रंगवून तयार. माझे चाळीस सैनिक खोक्यातून निघाले तसेच, राखाडी प्लॅस्टिकचे. आणि घरचा नियम असा की बिनरंगाचा सैनिक टेबलावर उतरणार नाही. नियम मीच केला, ती सहावीत असताना. असो. चाळीस सैनिक, एकोणचाळीस दिवस. रोज एक, एका रविवारी दोन. हातचा मळ.

३ जुलै
दोन दिवस नियोजन. चार रंगांत तक्ता केला. बायको म्हणाली, तक्त्याला लावलेल्या वेळात दोन सैनिक झाले असते. तिला यातलं काही कळत नाही.

८ जुलै
सेनापतीपासून सुरुवात. तो नीट झाला की बाकीचे आपोआप होतात. उजवा डोळा झकास. डावा जरा छताकडे बघतो. पुसला.

११ जुलै, सकाळी ७
डावा जमला. आता उजवा चुकल्यासारखा वाटतो. दोन्ही पुसले.

११ जुलै, सकाळी ८
चहा समजून ब्रशचं पाणी प्यायलो. ब्रश चहात बुडवला होता हे सेनापतीच्या गालावरून कळलं. गाल मात्र छान रापलेला दिसतो. तसाच ठेवला.

१९ जुलै
सगळा दोष ब्रशचा. दुकानदाराला तसं सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही मे महिन्यातही हेच म्हणाला होतात. उद्धट माणूस. नवा ब्रश घेतला.
कन्येने विचारलं, बाबा, किती झालं? म्हटलं, चाळीस टक्के. सेनापतीचं, हे मनातल्या मनात.

२६ जुलै
कन्या म्हणाली, अर्धे मला दे, दोन दिवसांत करून टाकते. साफ नकार दिला. शत्रूकडून सैन्य रंगवून घेतात का कुठे? ती सामान बांधायला गेली.

२ ऑगस्ट
घाबरलो आहे. लिहायला काय हरकत, इथे वाचतंय कोण. झाला एक. उरले एकोणचाळीस. ऑफिसात पोटदुखी सांगून आठवडाभर रजा टाकली. साहेब म्हणाले, दुर्लक्ष करू नका. पोट खरंच दुखायला लागलंय.

७ ऑगस्ट
झाले! चाळीसच्या चाळीस! अंग निळं, बंदूक काळी, बूट चंदेरी. सेनापती सोडून कुणाला डोळे नाहीत, पण हेल्मेटच्या आत कोण बघतो? कन्येने एकेक उचलून पाहिला आणि मस्त म्हणाली. उद्या दुपारी लढाई. फक्त वॉर्निशचा एक हात राहिला. तो मारायचाच. अर्धवट काम मला खपत नाही.

८ ऑगस्ट, सकाळी ११
गॅलरीत वॉर्निशचा स्प्रे मारला. हवा दमट होती. सगळे पांढरेफटक. पावडरच्या डब्यात पडल्यासारखे. सेनापतीसुद्धा. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलंय, दमट हवेत वापरू नये. हे पुढच्या बाजूला लिहायला काय झालं होतं?

८ ऑगस्ट, दुपारी ३
कन्या म्हणाली, चालेल रे बाबा, बर्फात लढतायत समजू. तिने किडे मांडलेसुद्धा. मी म्हणालो, खालचा रंग दिसत नाही म्हणजे बिनरंगाचेच. नियम म्हणजे नियम. तिने तीन वेळा विचारलं. मी तिन्ही वेळा नाही म्हणालो. बापाने शब्द पाळला हे तिच्या कायम लक्षात राहील. तिने किडे एकेक करून डब्यात भरले.

९ ऑगस्ट
सकाळच्या गाडीने गेली. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडलो. बायको म्हणाली, पाणी वाया घालवू नका.

१७ ऑगस्ट
कन्येचा फोन. हॉस्टेलच्या खोलीत लढाई झाली म्हणे. मैत्रिणीकडे सैन्य नव्हतं, म्हणून तिने शर्टाची बटणं मांडली. कन्या हरली. हसून हसून पुरेवाट झाली, म्हणाली.
मी विचारलं, बटणं रंगवली होती का?
ती म्हणाली, बाबा, आईकडे दे फोन.