पेनाया माझा कोण लागतो

सुवा, गोदीवरून
शनिवार, दुपार

तीर्थरूप इलायतिया मामांना,

भाची मेरेवाई हिचा गुडघे टेकून नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला गेला का? कोरो बेटावर यंदा दालोचे कंद कसे पोसलेत, पाद्रीबाबांचं प्रवचन अजून तेवढंच लांबतं का, सगळं सविस्तर कळवावं. मी मजेत आहे. (डाव्या मनगटावर ठिणग्यांचे तीन डाग आहेत, ते आईला सांगू नयेत.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण मामी फोन स्पीकरवर ठेवतात आणि मग माझ्या बोलण्याला सगळं गाव उत्तर देतं. शिवाय विषय नात्याचा आहे, तो कागदावरच बरा.

कॉलेजने मला सोळा आठवड्यांच्या उमेदवारीवर इथल्या गोदीत धाडलंय, हे आपल्याला ठाऊक आहेच. (कॉलेजात याला इंटर्नशिप म्हणतात. गोदीत ‘आधी झाडू दे तिच्या हातात’ म्हणतात.) बेटांवर ये-जा करणारी एक जुनी बोट वर ओढून ठेवली आहे, तिच्या तळाचे गंजलेले पत्रे कापून नवे जोडायचे, आणि सातव्या आठवड्यात तपासनीसासमोर एक उभा जोड करून दाखवायचा. जोड पास झाला तर वेल्डरचं प्रमाणपत्र. नाही झाला तर घरी मोआला बेटावर परत जाऊन बाबांबरोबर खोबरं वाळवायचं. खोबऱ्याशी माझं वैर नाही, पण त्यात ठिणग्या नसतात.

मला शिकवायला पेनाया नावाचा वेल्डर दिला. वय चोवीस, बोलणं कमी, आणि जोड असा सरळ की हात फिरवत राहावंसं वाटतं (मी फिरवला, गरम होता). पहिल्या सकाळी त्याने मला दोन तास फार छान शिकवलं. मग जेवणाची सुट्टी झाली. स्टोअर सांभाळणाऱ्या तारिसी मावशी कसावा सोलता सोलता म्हणाल्या, ‘मोआलाची ना गं तू? कुणाची?’ मी बाबांचं नाव सांगितलं. मग त्यांनी पेनायाला त्याच्या आजोबांचं नाव विचारलं. आमची चूक एवढीच की आम्ही दोघंही खरं बोललो. कसावा सोलून होईपर्यंत मावशींनी दोन्ही घराणी पार मागे नेऊन जाहीर केलं की आमचे आजोबा चुलतभाऊ, म्हणजे आम्ही बहीणभाऊ. पेनायाने हातातली रोटी खाली ठेवली, नजर पाडली आणि उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. बहिणीशी भावाने बोलायचं नाही, ही आपली मर्यादा त्याच्या घरी अजून कडक पाळतात, आणि आमच्याही. गावात भाऊ समोरून आला तर वाट बदलता येते. बोटीच्या तळात वाट एकच, तीही रांगत जायची.

मग मध्यस्थ आले रामसमुज काका. पन्नाशीचे, जुने वेल्डर, पाठीने थोडे वाकलेले. पेनाया भिंतीकडे बघून म्हणायचा, ‘काका, तिला सांगा, रॉड जरा तिरपा धर.’ काका माझ्याकडे वळायचे, ‘पोरी, रॉड तिरपा धर.’ मी विचारायची किती तिरपा. काका पलीकडे वळायचे, ‘किती, विचारतेय.’ एवढ्यात पत्र्याला अंगठा जाईल एवढं भोक. पहिल्याच आठवड्यात अशी अकरा भोकं पडली. ती पेनाया बुजवायचा आणि बुजवताना जे बोलायचा तेही काका इमानाने पोचवायचे. (‘म्हणतोय, हिला बोट बांधायचीय की चाळणी?’) दुसऱ्या मंगळवारी काकांनी मुखवटा वर केला. ‘तीस वर्षं लोखंड जोडतोय मी,’ ते म्हणाले, ‘टपाल वाटायचं असतं तर सायकल घेतली असती. तुमचं तुम्ही बघा.’ आणि ते शेजारच्या बोटीवर निघून गेले.

त्या दुपारी आम्ही दोघं तोंडं फिरवून बसलो होतो. मग पेनायाने खिशातला खडू काढला, मापं लिहायला आम्ही वापरतो तो, आणि पत्र्यावर लिहिलं: हात हलका ठेव. मी त्याच्याखाली लिहिलं: हलकाच आहे, करंट जास्त आहे. त्याने करंट तपासला. जास्त होता. बोलायचं नाही अशी आपली मर्यादा आहे, मामा. लिहायचं नाही असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि आपल्यालाही आठवू नये अशी आशा आहे.

तेव्हापासून माझं वेल्डिंग सुधारलं. काळी काच डोळ्यांवर आली की गोदी, खाडी, डोंगरावरचे ढग, सगळं विझतं. उरतो वाटाण्याएवढा वितळलेल्या लोखंडाचा थेंब. तो हळूहळू पुढे सरकतो आणि आपण त्याच्यामागे जायचं. घाई केली तर तो तुटतो, रेंगाळलं तर भोक पडतं. त्या थेंबामागे जाता जाता मी कुठे कुठे जाऊन येते. परवा मी आपल्या पडवीत होते, चटईवर पडून भरतीचं पाणी ऐकत. काच वर केली तर रॉड कधीच संपला होता, आणि पत्र्यावर खडूने लिहिलेलं होतं: कुठे गेली होतीस? मी लिहिलं: कोरोला. त्याने लिहिलं: तिथे संध्याकाळी वारा कुठून येतो? मग रॉड, करंट, तिरपेपणा बाजूला राहिला आणि आम्ही अर्धा पत्रा वाऱ्यावर लिहिला. सोमवारी रंगारी येतात आणि हे सगळं लाल रंगाखाली झाकून टाकतात. पुढे ही बोट बेटांकडे निघेल, वर माणसं, कोंबड्या, रॉकेलची पिंपं असतील, आणि त्यांच्या पायांखाली आमचं बोलणं समुद्रातून जाईल. हा विचार आला की मला दुपारचं जेवण सुचत नाही.

तरीही मामा, खडूने किती शिकणार? माझ्या प्रमाणपत्राचा प्रश्न आहे. म्हणून मागणं एवढंच, की कोरोची सगळी घराणी आपल्याला तोंडपाठ आहेत, तर आईच्या बाजूने पेनायाशी दुसरं काही नातं निघतं का ते पाहावं. आम्ही आतेमामेभावंडं निघालो तर तो माझ्याशी उघड बोलू शकेल, थट्टा करू शकेल, शिव्याही घालू शकेल. शिव्या खाल्ल्याशिवाय वेल्डिंग येत नाही, असं काका म्हणतात. भाचीने मागावं आणि मामाने द्यावं, ही रीत मी आपल्याला सांगायची नाही.

आपली आज्ञाधारक,
मेरेवाई

ता. क. परीक्षा कालच झाली. मी पास झाले, वर लिहायचं राहून गेलं. तपासनीस बॅटरी घेऊन तळात रांगत आले, माझा जोड पाहिला, मग शेजारचा पत्रा बराच वेळ वाचत बसले. बाहेर येऊन म्हणाले, ‘जोड पास. बाकीचं माझ्या अखत्यारीत नाही.’

ता. क. पुन्हा. तरी नात्याचं पाहावंच. पेनायाने कालच लिहिलं की त्याचे वडील लहानपणी दोन वर्षं कोरोच्या शाळेत होते, जेवायला कुणाच्या घरी जात ते मामांना विचार. आपल्या आईच्या चुलीवर जेवले असतील तर ते आपले भाऊच झाले, म्हणजे माझे मामा, आणि पेनाया मामेभाऊ. मामी आपल्या आतेबहीण लागतात हेही लग्नाच्या महिनाभर आधीच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, असं आई सांगते.

ता. क. शेवटचं. शोधूनही काही निघालं नाही, तर तसं कळवू नये. ‘अजून पाहतो आहे’ एवढंच लिहीत राहावं. माझे इथले नऊ आठवडे बाकी आहेत.