कावीळ नव्हती

माय,

गेल्या काही आठवड्यांपासून तुझ्या फोटोला हार घालायचं मी सोडून दिलंय. पोरगी घालते. तिला मी अडवत नाही, पण मी स्वतः त्या भिंतीकडं पाठ करून मशीनवर बसते. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढं काय आभाळ कोसळलंय. तेच सांगायला बसलेय, आणि बोलायला गेलं की आवाज चढतो म्हणून लिहितेय.

संभाजीनगरच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आई, मावशी, आजी, घरात कुणाला छातीची गाठ झाली होती का. मी ठासून सांगितलं, कुणालाच नाही. मग आई कशानं गेली? कावीळ झाली होती, मी म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं. मी खोटं बोलत नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा तुझे पिवळे डोळे मीच पाहिले होते. उमापूरच्या एका म्हातारीकडून काविळीची मुळी आणली, ती सहाणेवर मीच उगाळली आणि वाटीनं मीच तुला पाजली. तू तोंड वाकडं न करता प्यालीस, वर माझ्या हाताला गुण आहे म्हणालीस. मला खरंच वाटलं, बरी होतेय. आता तो दिवस आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते. तुला ठाऊक होतं ना, ते औषध तुझ्या दुखण्यावरचं नव्हतं ते?

पहिल्या खेपेला मी फार शहाण्यासारखी वागले. केमो घेतली, केस गेले, उजवी बाजू काढून टाकली. कधीकधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी निघायच्या आणि गेवराईहून पहाटेच्या एसटीनं गेलेले आम्ही नवराबायको सलाईन न लावताच परत यायचो. येताना मी खिडकीकडं तोंड करून बसायची. हे बिचारे शेंगदाण्याची पुडी पुढं करायचे, मी घ्यायची नाही. भेटायला येणारे म्हणायचे, तू लई धीराची. धीर कसला डोंबलाचा, दुसरा रस्ताच नव्हता. पण उपचार संपले तेव्हा मलाही तसंच वाटायला लागलं. लिंबागणेशच्या गणपतीला पेढे ठेवून आले, गल्लीत वाटले. केस परत आले ते कोकराच्या लोकरीसारखे कुरळे, गिऱ्हाइणी हात फिरवून बघायच्या. दुकान उघडलं. माझ्या ब्लाऊजच्या रिकाम्या बाजूला कापूस भरला, तो हलका पडून वर सरकायचा, म्हणून आत मोहरीची पुरचुंडी शिवली. मग नीट बसायला लागला. पोरगी म्हणाली, चला, फोडणीची सोय झाली. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आणि मग नेहमीच्या तपासणीत डावीकडं नवी गाठ निघाली. डॉक्टरीणबाई सावकाश समजावत होत्या, ही वेगळी आहे, लवकर सापडली आहे, उपचार आहे. मला एवढंच ऐकू येत होतं की पुन्हा पहिल्यापासून. ज्या देवाला पेढे ठेवले त्यानं, ज्या औषधापायी मी कडू तोंडानं महिने काढले त्यानं, आणि माझ्याच अंगानं, सगळ्यांनी मिळून मला फसवलं असं वाटलं. घरी आले आणि ते नवे केस मीच कापडाच्या कात्रीनं कापून टाकले. गळायची वाट बघायची ताकद नव्हती. बरेच दिवस दुकानाचं शटर वर केलं नाही. लग्नसराईची ब्लाऊजं तशीच पडून होती, बाया दार वाजवून जायच्या. कुणी हिंमत ठेव म्हणालं की त्याच्या अंगावर काहीतरी फेकावंसं वाटायचं. पोरगी तेवढी तसलं काही म्हणायची नाही. शेजारी बसून शिवून झालेल्या ब्लाऊजांना हुकं लावायची.

तेव्हा चकलांब्याहून मावशी आली. तुझी धाकटी बहीण आता वाकलीय, पण जीभ अजून तशीच आहे. बाजरीच्या भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. माझं बोडकं डोकं बघितलं, जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवता फिरवता बोलून गेली.

"रडू नको बाई. तुह्या मायनं तर कुणाला कळूबी दिलं न्हाई."

मी विचारलं, काय कळू दिलं नाही. तिचा हात थांबला. तिनं विषय बदलून बघितला, भाकरी खा म्हणाली, पण मी तिचं मनगट सोडलं नाही.

"तिलाबी हेच झालतं," ती शेवटी म्हणाली. "कावीळ मागून आली. गाठ फुटली होती. लिंबाच्या पाल्याचं पानी करून धुवायची, गोठ्यात जाऊन. मला एकलीला दावलं आन देवाची आण घातली."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुपलं लगीन जमलं होतं. कळलं आसतं तर मोडलं आसतं. पोरीचं लगीन झालं की जाते दवाखान्यात, म्हनली. लगीन झालं तवर लई उशीर झालता."

वडिलांना ठाऊक होतं का, हे तिलाही सांगता येईना. ती रडायला लागली. मी रडले नाही. मला तुझं ते जांभळं झंपर आठवत होतं.

तुला आठवतं का? मी शिवणक्लास पुरा केला म्हणून तू मला मशीन घेऊन दिलीस. गल्लीत कुणाच्या घरी पायमशीन नव्हती, तू हळदकुंकू लावून तिची पूजा केलीस. माझ्या साखरपुड्यात घालायला तुझं झंपर मी शिवायचं ठरलं. मी टेप घेऊन तुझ्या पुढ्यात आले आणि हात तुझ्या छातीशी नेला, तशी तू फाडकन माझ्या हातावर मारलंस. अंगाला कशाला हात लावतीस, मापाचं झंपर घे की, म्हणालीस. गावाकडं सगळ्याच बाया तसंच करतात, अंगात बसणारं जुनं झंपर मापाला देतात, त्यामुळं मला काही वाटलं नाही, फक्त हात चुरचुरत राहिला. मी तुझ्या जुन्या झंपरावरून नवं बेतलं. ते डावीकडून आवळायला लागलं. डावी बाजू तेवढी उसव, म्हणालीस. मी उसवली, तरी आवळलं, पुन्हा उसवली. शेजारच्या बाया बसल्या होत्या, त्यांनी विचारलं काय झालं, आणि तू हसून म्हणालीस, "पोरीचा हात कच्चा हाय आजून."

माय, माझा हात कच्चा नव्हता. माप जुनं होतं आणि तुझं अंग बदललं होतं. तू माझ्या हातावर आळ घातलास. मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले आणि पुढं इतकी वर्षं, शेकडो ब्लाऊजं शिवली, तरी डावी बाजू दोनदा तपासल्याशिवाय कधी काजं केली नाहीत. गिऱ्हाइणी म्हणतात, तुमच्या हातचं डावीउजवीकडं सूतभर हलत नाही. ते कौतुक मी तुझ्या नावानं घ्यायची. आईनं रागावून शिकवलं, असं सांगायची सगळ्यांना.

आणि शेवटचा दिवस. निरोप आला तशी मी सासरहून निघाले. पोचले तर तुला आंघोळ घालून झाली होती. हिरवं पातळ गळ्यापर्यंत लपेटलं होतं, ओटी भरली होती, कपाळभर कुंकू होतं. सवाष्ण बाईचं सगळं साग्रसंगीत. मी आकांत केला, लेकीसाठी थांबला कावून नाहीत, आईला दोन तांबे पाणी मला घालू दिलं असतं तर काय बिघडलं असतं. मावशी आणि दोन्ही चुलत्या खाली बघत राहिल्या. चुलत्या आता नाहीत. मावशीनं ती भाकरी घेऊन आली तेव्हाच सांगितलं की तूच बजावून ठेवलं होतंस, पोरगी पोचायच्या आत आंघोळ उरका. म्हणजे मेल्यावरही तू माझा हात झटकलास.

हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. सांगताना आवाज चढला, बाहेरची माणसं आत डोकावली. त्यांनी मला बोलू दिलं. मी विचारलं, हे आधी कळलं असतं तर? त्या घुटमळल्या, पण खोटं बोलल्या नाहीत. डाव्या बाजूचा विचार आपण तेव्हाच वेगळा केला असता, म्हणाल्या. मी म्हणाले, मला आता उपचारच नकोत, ज्यांच्यावर विश्वास टाकला ते सगळे खोटे निघाले. त्या म्हणाल्या, "राग धरा, हवा तेवढा धरा. तारीख मात्र चुकवू नका." मग म्हणाल्या, हे रक्तातून उतरत असू शकतं, तुमची तपासणी करू, आणि मुलीलाही घेऊन या.

मुलीला. इतके दिवस मी तुझ्यावरच्या रागात होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या स्थळाची बोलणी चालली होती. मावशीनंच आणलेलं, मुलगा बीडला नोकरीला, पत्रिका जुळलेली, घरची मंडळी पक्कं करायला यायची होती. पोरीच्या तपासणीची मावशीला कुणकुण लागली असावी. तिचा फोन आला. "पोरीचं उरकू दे. मग सांग काय सांगायचं ते. तुह्या मायनं निभावलं न्हाई का?" मी फोन ठेवून दिला. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर, आणि पेपर उघडून बसले. तो उलटा धरला होता.

संध्याकाळी पोरगी मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, तुझं, माझं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते. तिची बोटं थांबली, मग पुन्हा चालू झाली. जुडी निवडून संपवली. नंतर म्हणाली, "मग मला कधी न्यायचं?" आणि थोड्या वेळानं, "त्या लोकांनाही सांग आई. नंतर कळलं तर बोलणी मला खावी लागतील."

ते आले. पोहे झाले, चहा ठेवला. मुलाची आई आत मला हातभार लावायला आली, चांगली बाई, माझ्या डोक्याच्या फडक्याकडं मुद्दाम बघत नव्हती. मी गॅस बारीक केला आणि सांगून टाकलं. ती म्हणाली, पोरीला हाय का? मी म्हणाले, न्हाई, तपासणी व्हायचीय. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तब्येतीला जपा म्हणाली, कपबशा ट्रेमध्ये लावून स्वतः बाहेर घेऊन गेली. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका पुन्हा दाखवली, जुळत नाही. मावशी माझ्याशी बोलत नाही तेव्हापासून.

निरोप आला तशी पोरगी म्हणाली, बरं झालं, आधीच कळलं माणसं कशी आहेत ती. हसून म्हणाली. मग न्हाणीत गेली, कडी लावली आणि नळ सोडला. बादली भरून पाणी वाहायला लागलं तरी नळ बंद होईना. त्या मुलाचा फोन आला की ती गच्चीवर जायची आणि खाली आली की उगाच स्वयंपाकघरात लुडबुडायची, हे मला ठाऊक होतं. मी दाराबाहेर उभी राहिले. हाक मारायचं धाडस झालं नाही.

तुला मी माफ केलेलं नाही. तुझा फोटो आहे तिथंच राहील, हार पोरगीच घालील. सोमवारी आम्ही दोघी एकाच एसटीनं जाणार आहोत, मला सलाईन लागेल, तिचं रक्त घेतील. हे कागद मात्र अस्तराच्या कापडांखाली अगदी तळाशी ठेवणार आहे, तिच्या हाताला लागणार नाहीत असे. कारण त्या दाराबाहेर उभी असताना, आत पाणी वाहत असताना, मला वाटलं होतं की तू केलंस तेच बरोबर होतं. तिच्यापासून मी एवढं एकच लपवलंय.