फळ्यावर न आलेली बातमी

आई,

तुझ्या वर्गात पहिला तास घरच्या बातमीचा असायचा. प्रार्थना झाली, हजेरी झाली, की तू खडू हातात घेऊन रांगेने विचारत यायचीस, "हं, काल तुमच्या घरी काय झालं?" कुणाची गाय व्यालेली असायची, कुणाचा मामा आलेला असायचा, कुणाच्या घरी नवा स्टोव्ह. त्यातलं एक वाक्य तू फळ्यावर लिहायचीस आणि आम्ही ते पाटीवर उतरवायचो. जोडाक्षरं आम्ही अशीच शिकलो, गल्लीतल्या बातम्यांवर. गल्लीतल्या बायकांना नवल वाटायचं, बाईंना सगळ्यांचं सगळं कसं कळतं म्हणून. मला ठाऊक होतं कसं कळतं ते. फक्त माझ्यापाशी आलीस की तू सरळ पुढच्या मुलीकडे जायचीस. "घरचीच मुलगी आहे, तिला काय विचारायचं," असं तू एकदा हेडमास्तरांना सांगताना मी ऐकलं होतं. दुसरीचं अख्खं वर्ष मी तुझ्या वर्गात होते, आणि आपल्या घरचं एकही वाक्य त्या फळ्यावर आलं नाही.

हे मी गाडीत बसून लिहितेय. मिशिगनमधलं ट्रॉय नावाचं गाव, शाळेबाहेर मुलांना घ्यायला आलेल्या गाड्यांची रांग, एप्रिल उजाडला तरी हीटर चालू. तू गेलीस तेव्हा मी पासपोर्टसुद्धा काढला नव्हता, त्यामुळे तुला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. तू न पाहिलेला तुझा जावई मोटारींच्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या एका ऑफिसात इंजिनिअर आहे. तू न पाहिलेली नात पहिलीत आहे. मला इथे नोकरी करायची परवानगी नाही, नवऱ्याच्या व्हिसाला लटकून आलेल्या बायकांना ती नसते. मग आम्ही शाळेत फुकट काम करतो आणि त्याला व्हॉलंटियर म्हणतो. दर मंगळवारी मी तुझ्या नातीच्या वर्गात मागे, बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसते आणि रंगीत कागदाची फुलं कापते.

सेवा वगैरे काही नाही. मी पाळत ठेवायला गेले होते. मराठी मंडळात एक काकू आहेत, नवरा निवृत्त डॉक्टर, आयुष्य इथेच गेलं. त्यांनी मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, इथली पोरं टीचरला घरातलं सगळं सांगतात हं. भांडलात, ओरडलात, सगळं. जरा केअरफुल राहा." झालं. मी तुझीच मुलगी. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून पाहणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेय, मला तेवढं पुरलं.

आणि पहिल्याच मंगळवारी काय पाहिलं असेल? वर्गातली बाई तुझाच तास घेत होती! मुलं सतरंजीवर गोल बसलेली, बाईच्या हातात खडूऐवजी मार्कर, फळ्याऐवजी मोठा कागद. कुणाकडे बाळ झालं, कुणाची आजी फ्लोरिडाहून आली. एक वाक्य कागदावर, मग सगळ्यांनी ते वहीत लिहायचं. मी कात्री धरून तशीच बसून राहिले. तुझी युक्ती सातासमुद्रापार कुणी पोचवली, असंच वाटलं मला. मग बाई माझ्या लेकीपाशी आली, गोड हसली, आणि पुढच्या मुलाकडे वळली.

वेळ संपला असेल, म्हटलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. माझ्या डोक्यात सगळं जुळलं. सावळी पोर, आडनाव उच्चारता येत नाही, कशाला विचारायचं? घरी येऊन लेकीला खोदून विचारलं, "टीचर तुला कधीच न्यूज विचारत नाही का गं?"

"शी डझ," ती सीरियल खाता खाता म्हणाली. "बट नॉट ऑन ट्यूसडेज."

म्हणजे मी असते तेव्हा नाही. आता तर मला झोपच लागेना. माझ्या पाठीमागे पोरीकडून काय काढून घेतेय ही बाई? नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "यार, तू प्रत्येक गोष्टीत काहीतरी काढतेस. लीव्ह इट ना." एरवी वाद घालायला तयारच असतो. त्या दिवशी मात्र जेवण अर्धं टाकून, फोन घेऊन गॅरेजमध्ये गेला. तेही मी मनात टिपून ठेवलं.

पुढच्या मंगळवारी बाई पुन्हा लेकीला ओलांडून जायला लागली तेव्हा मी कात्री खाली ठेवली आणि इस्त्री केलेल्या इंग्रजीत म्हटलं, "माझ्या मुलीलाही विचारा ना." बाईचा मार्कर हवेतच थांबला. क्षणभर तिने माझ्याकडे पाहिलं, मग विचारलं. लेकीने बाईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "वी गॉट अ डॉग."

सगळी सतरंजी चिवचिवायला लागली. कुठल्या रंगाचा? "ब्राउन. ही स्लीप्स इन द गॅरेज." बाईने ते कागदावर लिहिलं आणि वीसेक पोरांनी माना खाली घालून आमच्या घरी कुत्रा आल्याची नोंद केली. आमच्याकडे कुत्रा नाही, आई. साधा काचेच्या भांड्यातला मासासुद्धा नाही.

दुसऱ्या कुठल्याही आईला वाटलं असतं, पोर कल्पना लढवतेय. मला तसं वाटलं नाही. आमच्या घरात काहीतरी आहे, ते हिला माहीत आहे, बाईला माहीत आहे, आणि मला नाही, हे मला त्या कुत्र्यावरून कळलं. कसं कळलं, ते शेवटी सांगते.

लेकीला मी एक शब्द विचारला नाही. संध्याकाळी गॅरेजचं दार वर गेलं तेव्हा मी आतच उभी होते. नवरा फोन कानाला लावून गाडीत बसलेला.

"कुत्रा कुठाय?" मी विचारलं.

"कुठला कुत्रा?"

"गॅरेजमध्ये झोपतो तो."

त्याने फोन बंद केला. मग एकेक बाहेर आलं. त्याची जागा जूनमध्ये जाणार, हे त्याला दिवाळीतच कळलं होतं. इथल्या मोटारवाल्या कंपन्या सगळीकडेच माणसं कमी करतायत. नोकरी गेली की व्हिसा गेला. म्हणून त्याने पुण्यातल्या एका कंपनीला होकारही देऊन टाकला होता. लेक एकदा मागच्या सीटवर होती, तिने फोनवरचं ऐकलं. तिला सांगितलं, आईसाठी सरप्राइज आहे, सांगायचं नाही.

"तुला सांगितलं असतं तर तू रोज शंभर शंका काढल्या असत्यास," तो म्हणाला. "म्हटलं, सगळं फायनल झालं की एकदमच सांगू."

"आणि टीचरला?"

"टीचरला कोण सांगेल?" तो चकित झाला. झाला असावा. मग रडला. तेही खरंच रडला असावा. मी अजून पाहतेच आहे त्याच्याकडे. माझं घर, माझं आयुष्य, कुठल्या देशात राहायचं ते ठरलंसुद्धा, आणि सहा वर्षांच्या पोरीला माझ्याआधी माहीत. हे मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी बाईने मला दारात गाठलं. म्हणाली, "तुमच्या मुलीने मला एकदा सांगून टाकलं होतं. तुम्हाला ते घरी कळावं असं मला वाटत होतं. माझ्या वर्गात, सगळ्यांसमोर नको." म्हणून मंगळवारी ती पोरीला ओलांडत होती. मी थँक्यू म्हटलं. मनातून म्हटलं, इतके दिवस सगळं ठाऊक असून मला रोज हसून गुड मॉर्निंग म्हणत होतीस की गं!

पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ती नाही, तू आहेस. मी दुसरीत होते त्या वर्षी बाबांची बदली झाली होती, असं तू सगळ्यांना सांगितलं होतंस. मलाही. पण बदलीवर जाणारा माणूस दाढीचं सामान खिडकीत ठेवून जात नाही. त्यांचं पत्र येत नव्हतं, सणाला ते येत नव्हते, आणि पोस्टमन आला की तू आत निघून जायचीस. मला सगळं दिसत होतं. पुढच्या वर्षी ते परत आले, तू ताट वाढलंस, आणि कुणी काही बोललं नाही. इतकी वर्षं मी लोकांना कौतुकाने सांगत आले की आमची आई किती कडक, स्वतःच्या मुलीलाही वर्गात झुकतं माप देत नसे. ते तसं नव्हतं. मी उभी राहून काहीतरी बोलून जाईन, याची तुला धास्ती होती.

राग येतो, आई. या बाईने माझ्या लेकीला टाळलं ते मला सांभाळायला. तूही स्वतःला सांभाळलंस, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तुला एकटीला त्या गल्लीत राहायचं होतं. पण दूधवाल्यावर, वाण्यावर घेतलास तसा संशय तू माझ्यावर घेतलास, हे मला फार लागलंय.

घंटा झाली. मुलं बाहेर यायला लागलीत, लेकीचं गुलाबी जॅकेट मला इथून दिसतंय. हे पत्र आता गाडीच्या खणात जाईल. जूनमध्ये गाडी विकली की कुणाला तरी सापडेल, त्याला ते वाचता येणार नाही.

तू मला विचारायला हवं होतंस. माझी बातमी रोज तयार असायची. प्रार्थना चालू असताना मी डोळे मिटून तीच घोकायचे, अडखळायला नको म्हणून. आमच्या घरी मांजरीला पिल्लं झाली, एक पांढरं आणि दोन काळी.

आपल्याकडे मांजर नव्हती.