रंग न चढलेली जागा

चि. राजकुंवर हिला पिंप्राळ्याहून थोरली बहीण झमकूबाईचा जय जिनेंद्र आणि पाठीवर एक हलकी चापट.

आम्ही इथे बरे आहोत, म्हणजे या वयात जेवढं शोभतं तेवढे. तुझे गुडघे काय म्हणतात? तुझा हितेंद्र अजून जेवताना मोबाईलशीच बोलतो का? हे पत्र माझी नात प्रियल लिहिते आहे. ती धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात माणसांच्या आतले कापलेले तुकडे रंगवून भिंगाखाली बघायला शिकते. (आपल्या घराण्यात कैरीच्या फोडीपलीकडे आजवर कोणी काही इतकं निरखून पाहिलं नव्हतं.) मी बोलेन ते जसंच्या तसं लिही म्हणून बजावलंय, तरी मधेच तिचं पेन थांबतं. म्हणजे काहीतरी गाळते आहे. मला अक्षर येत नाही, पण थांबलेलं पेन दिसतं.

तर झालं असं, की पोळीचा घास माझ्या छातीशी अडायला लागला. सून चेलना म्हणाली गॅस असेल, मुलगा अर्पित म्हणाला वय असेल, आणि प्रियल त्या दोघांसकट मला सरळ धुळ्याला घेऊन गेली. तिथे घशातून दुर्बीण घातली. उपाशी पोटी या, असं त्यांनी भीत भीत सांगितलं. त्यांना काय ठाऊक, आपल्याकडे उपाशी राहायला निमित्त लागत नाही. मग त्या नळीतूनच आत कसलंसं आयोडीनचं पाणी फवारलं. समोर टीव्हीवर माझी अन्ननलिका दिसत होती, आणि बघता बघता ती सगळी कातासारखी तपकिरी झाली. मी म्हटलं, संपलं. सगळीकडे पसरलं.

नळी निघाली तशी मी हात जोडले आणि खमतखामणा सुरू केला. अर्पितची क्षमा मागितली, फरशी पुसणाऱ्या बाईची मागितली, डॉक्टर लीलाधरांची मागितली (बिचारे दोन पावलं मागे सरकले), आणि चेलनाच्या कढीला मी जन्मभर जे जे बोलले त्याबद्दल तिचीही मागितली. ती रडली, मी रडले. तेव्हा प्रियलने कानात सांगितलं, की आजी, जिथे रंग चढतो तिथलं अस्तर निरोगी असतं. आता मागितलेली क्षमा परत घेता येते का? गेला महिनाभर कढी पातळ होते आहे आणि मला गोड मानून प्यावी लागते आहे.

पण एक जागा मात्र पांढुरकी राहिली होती. ती पडद्यावर दिसली आणि मला तुझी ओढणी आठवली. सावद्याला झिपरू रंगाऱ्याकडून मोठ्या हौसेने रंगवून आणलेली, आणि तूप सांडलेलं होतं तेवढ्याच जागी कोरी राहिलेली. तू दिवसभर रुसलीस. शेवटी आईने तो भाग आत दुमडून तुला सणाला नेलं, आणि मी चारचौघींत तो मुद्दाम बाहेर ओढत राहिले. मी डॉक्टरांना म्हटलं, आणखी थोडा वेळ भिजू द्या, चढेल. ते हसले, आणि नेमका तिथलाच चिमटीएवढा तुकडा काढून घेतला.

तो तुकडा प्रियलच्या खोलीत गेला. तिथे पुन्हा रंगवतात, या वेळी जांभळा आणि गुलाबी. त्या दिवसांत ही पोर घरी फोन करून फक्त हवापाणी विचारायची, त्यावरून मी काय ते समजले. मग तिने मला नेऊन भिंगातून दाखवलं. राजू, स्थानकात महाराजांच्या प्रवचनाला बायका ओळीने बसतात ना, तशाच पेशी बसलेल्या होत्या. वरच्या ओळी शांत. खालच्या ओळीतल्या काही जणी मात्र उठून एकमेकींना ढकलत होत्या. प्रियल म्हणाली, हा कॅन्सर नाही. पण या बायका वेळीच खाली बसल्या नाहीत तर पुढे होऊ शकतो. आता अधूनमधून दुर्बीण, आणि कढत चहा बंद.

चहा म्हटल्यावर मला सावद्याची चूल दिसली. उकळता चहा आधी कोण संपवतं, अशी आपली रोजची शर्यत. बशीत ओतला की हरली. जिंकणारीला झोपाळा. तू डोळ्यांत पाणी आणून प्यायचीस, पण बशीला हात लावायची नाहीस. आणि तुझा झोपाळा कधी चुकला नाही.

आता मी बशीत ओतून, फुंकर मारून पिते. तू जिंकलीस असं समज.

तुझी अक्का,
झमकूबाई

ता. क. रोनकच्या लग्नात तू पुरी बाजूला सारून नुसती बासुंदी प्यायलीस. विचारलं तर कवळी टोचते म्हणालीस. त्याच कवळीने नंतर मांडवात तू सुपारी फोडत होतीस. बुधवारी धुळ्याला तुझा नंबर लावलाय. प्रियल तुला न्यायला शिंदखेड्याला येईल. उपाशी राहा.

आणखी एक. त्या दिवशी मी सगळ्यांची क्षमा मागितली, तुझी तेवढी राहिली. ओढणीची. ती पत्रातून मागायची नाही असं मी ठरवलंय. हवी असेल तर बुधवारी ये. मी बाहेर बाकावर बसलेली असेन.